नाबरबाईंची चक्कर

डॉ. शकुंतला नाबर यांनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला खोटं बोलायला शिकवलं. माझी नेमणूक नर्स म्हणून झाली होती. नेमणुकीच्या पत्रात खोटं बोलण्याचा उल्लेख नव्हता, पण पुढची सात वर्षं मी ते काम इमानेइतबारे केलं.

घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत तेव्हा पालिकेचं एक छोटं माता-बाल आरोग्य केंद्र होतं. केंद्र म्हणजे महिला मंडळाची पत्र्याची खोली. मंगळवारी आणि शुक्रवारी ती आमची, उरलेले दिवस भजनाची आणि शिवणाच्या वर्गाची. ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी विक्रोळीहून यायचे, कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसायचे आणि परीक्षेत पहिली आल्यामुळे स्वतःला फार शहाणी समजायचे.

पहिल्या दिवशी बाईंनी मला वजनाच्या काट्याशी उभं केलं. छताच्या वाशाला काटा टांगलेला, त्याखाली कापडी झोळी. पहिलंच बाळ सात-आठ महिन्यांचं, गुटगुटीत. मी त्याला झोळीत ठेवलं, काटा पाहिला आणि शाळेत कविता म्हणावी तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "आठ किलो दोनशे." त्याच्या आईचा चेहरा उतरला. तिनं पोराला झोळीतून जवळजवळ हिसकावलं, पदराखाली झाकलं आणि ती चालती झाली. तिच्यामागून रांगेतल्या आणखी चौघी उठल्या.

खोली निम्मी रिकामी झाली. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या नाबरबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सावंत, तू आत्ता चार जणींसमोर तिच्या पोराला दृष्ट लावलीस. आता त्याला नुसती शिंक आली तरी ती तुझ्या नावानं मीठ-मोहऱ्या ओवाळणार. बस इथं आणि बघ."

त्या स्वतः काट्याशी गेल्या. पुढचं बाळही चांगलं बाळसेदार होतं. बाईंनी काटा पाहिला, तोंड वाकडं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हे काय गं, पोर आहे की उंदीर? चार किलोसुद्धा नाही." आणि कार्डावर मुकाट्यानं सात किलो शंभर लिहिलं. बाळाची आई खूश झाली. "काही खातच नाही ओ बाई," असं सांगत ती समाधानानं कार्ड घेऊन गेली. त्या दिवशी त्या डोंगरावर वीस उंदीर, सहा माकडं आणि एक वाळकी काकडी यांची वजनं झाली. आणि खरोखर वाळत चाललेलं एक मूल आलं तेव्हा बाई काहीही मोठ्यानं बोलल्या नाहीत. त्याच्या आईला त्यांनी मागच्या बाजूला नेलं आणि पाऊण तास तिच्याशी हळू आवाजात बोलत बसल्या.

"डॉक्टरकी म्हणजे निम्मं हात धुणं आणि निम्मं नाटक," दुपारी डबा खाताना त्या मला म्हणाल्या. "हात धुवायला तुला कोर्समध्ये शिकवलंय. आता नाटक शीक."

या नाटकात एकदा वरच्या ऑफिसातले देशमाने साहेब सापडले. साहेब सरळ माणूस. न कळवता तपासणीला आले आणि दाराशी उभे राहून ऐकत राहिले. रांगेतलं एकही मूल चार किलोच्या वर जाईना. साहेबांना घाम फुटला. ही तर भयंकर परिस्थिती आहे, इथं ताबडतोब पूरक आहाराचं केंद्र उघडायला हवं, असं ते म्हणू लागले. बाई गेली दोन वर्षं त्यासाठीच अर्ज करत होत्या. त्यांनी गंभीर चेहऱ्यानं मान हलवली आणि साहेबांना वहीत सगळं लिहू दिलं. लिहून झाल्यावर साहेबांची नजर एका कार्डावर पडली. "अहो डॉक्टर, इथं तर सात किलो लिहिलंय," ते म्हणाले.

"साहेब, हळू बोला. आया ऐकतायत."

साहेबांनी आवाज खाली आणला. "मग यातलं खरं कुठलं?"

"लिहिलेलं ते वजन," बाई म्हणाल्या, "आणि बोललेलं ते औषध."

साहेबांनी वहीतलं पान फाडलं की नाही ते मला माहीत नाही, पण आहाराचं केंद्र तीन महिन्यांत उघडलं. आणि पुढच्या तपासणीला आले तेव्हा एका गोल गरगरीत बाळाकडे बघून साहेब आपण होऊन म्हणाले, "अरेरे, फारच हडकुळं आहे." बाईंनी मला कोपरानं ढोसलं.

नाबरबाई तेव्हा पन्नाशीच्या. ठेंगण्या, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा. सुती साडी, ती डोंगर चढताना वीतभर वर खोचलेली, आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. खांद्याला रक्तदाबाचं यंत्र ठेवलेली खाकी पिशवी. चढावर दम लागला की त्या थांबायच्या नाहीत, चौकशी करायच्या. तुमच्या मेहुण्याच्या लग्नाचं काय झालं, नळाला पाणी किती वाजता आलं, अशी एकेका वळणावर एकेक चौकशी. वस्तीतल्या लोकांना वाटायचं, किती आपुलकी. मला तेवढं ठाऊक होतं की तिसऱ्या वळणावरची चौकशी नेहमी लांबते, कारण तिथला चढ सगळ्यांत उभा.

त्यांच्या बरोबरीच्या एका मैत्रिणीचं मुलुंडला स्वतःचं नर्सिंग होम होतं. ती बाईंना दर दिवाळीला बोलवायची, माझ्याकडे ये, पंख्याखाली बस, म्हणायची. बाई फराळ खाऊन परत यायच्या. मी एकदा विचारलं, का जात नाही? त्या म्हणाल्या, "तिच्याकडे बाई आजारी पडली की येते. मला ती पडायच्या आधी गाठायची असते." एवढंच. स्वतःबद्दल याहून लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही.

गरोदर बाईला 'काय होतंय' असं त्या कधी पहिल्यांदा विचारत नसत. पहिला प्रश्न, "आज काय जेवलीस?" सगळ्या जणी पढवल्यासारख्या सांगायच्या, डाळ, भात, पालेभाजी. बाईंचा यावर काडीचा विश्वास नव्हता. त्या सरळ घरात शिरायच्या आणि चुलीजवळचे टोप उघडून बघायच्या. बायकांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. काही दिवसांनी मात्र चमत्कार झाला. एका गल्लीत ज्या घरात जावं तिथं ताटलीखाली झाकलेली मेथीची भाजी. पहिल्या घरात मेथी, दुसऱ्या घरात मेथी, तिसऱ्यातही. मी आनंदानं नोंद करत होते. चौथ्या घरात बाईंनी ताटली उचलली, वाटी हातात घेतली, तिचा उडालेला टवका अंगठ्यानं चाचपला आणि म्हणाल्या, "सावंत, ही मेथी आपल्या आधी डोंगर चढते."

मागच्या दारांनी वाटी पुढे पुढे सरकत होती. घरातली पोरगी रडवेली झाली. बाईंनी तिला बसवलं, तीच भाजी तिच्या ताटात वाढली आणि ती पूर्ण खाईपर्यंत समोर मांडी घालून बसल्या. पुढच्या शुक्रवारपासून त्यांनी त्या गल्लीला नियमच घालून दिला. वाटी फिरवायची ती फिरवाच, पण शेवटच्या घरी पोचेपर्यंत ती रिकामी व्हायला हवी, प्रत्येक घरातल्या पोटुशीनं त्यातला एक घास खायचा. लबाडीचीच त्यांनी योजना करून टाकली.

त्यांचं खरं युद्ध सासवांशी होतं. बाळंतिणीला पहिले दोन-तीन दिवस जे पिवळसर घट्ट दूध येतं, ते घाण म्हणून पिळून मोरीत टाकायचं आणि बाळाला गुळाचं पाणी चाटवायचं, अशी वस्तीत रीत होती. त्यामुळे बाळांची पोटं बिघडायची, कधी त्याहून वाईट व्हायचं. एखादं मूल गेलं की बाई आठवडाभर कुणाची थट्टा करत नसत, आणि तो आठवडा आम्हाला फार जड जायचा. ऑफिसातून आलेली रंगीत चित्रं दाखवून त्यांनी दोन वेळा भाषण केलं. सासवांनी भिंतीला टेकून छान डुलक्या काढल्या.

तिसऱ्या वेळी बाईंनी चित्रं आणली नाहीत. हायवेपलीकडच्या तबेल्यातून त्यांनी म्हशीचा चीक मिळवला, वेलची-जायफळ घालून मोठा डबा भरून खरवस केला आणि तो डबा माझ्या डोक्यावर देऊन आम्ही डोंगर चढलो. खरवस आहे म्हटल्यावर खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. बाईंनी वड्या वाटल्या आणि भोळ्या चेहऱ्यानं विचारलं, मला नीट जमत नाही, तुम्ही कसा करता? मग काय, एकेकीला कंठ फुटला. कुणी म्हणे पहिल्या दिवसाच्या चिकात दूध जास्त घालावं लागतं, नाहीतर दगड होतो. का बरं, बाईंनी विचारलं. त्यात ताकद असते ना, सगळ्या एकदम म्हणाल्या.

"म्हणजे रेडकाच्या तोंडची ताकद काढून आपण खातो," बाई म्हणाल्या, "आणि सुनेला जो चीक येतो, तो मोरीत ओततो."

वड्या हातातल्या हातात राहिल्या. मग मागून एका म्हातारीनं खूप विचार करून विचारलं, "म्हणजे आता सुनंच्या चिकाचा खरवस करायचा काय?"

बाई हसल्या नाहीत. "नाही आजी, तो नातवाला तसाच द्यायचा. शिजवायचा त्रास नाही." पण मी हसले, मग पुढच्या बायका हसल्या, आणि शेवटी म्हातारीही. त्या दिवसानंतर सगळ्याच सुधारल्या असं नाही, पण मोरीत चीक ओतणारी सासू आता गुपचूप ओतू लागली, आणि गुपचूप करावी लागणारी गोष्ट फार दिवस टिकत नाही, असं बाईंचं म्हणणं होतं.

फक्त एकजण हसली नव्हती. राणेकाकी. कणकवलीकडची, उंच, हाडापेराची बाई. नवरा गिरणीत होता, तो वारला होता. मुलगा विक्रोळीच्या एका कारखान्यात. काकींनी दोन वड्या खाल्ल्या, हात पुसले आणि जाता जाता सांगितलं, "खरवस गोड जास्त झालो." एरवी काकी कधी केंद्रात यायच्या नाहीत आणि घरात कुणाला पाठवायच्याही नाहीत.

पुढच्या वर्षी त्यांची सून सुनंदा गरोदर राहिली. पहिलटकरीण, वीस वर्षांची. आठव्या महिन्यात एका सकाळी शेजारणीनं येऊन सांगितलं की सुनंदाचं तोंड सुजलंय. आम्ही तसेच निघालो. त्या दिवशी बाईंनी एकाही वळणावर चौकशी केली नाही.

सुनंदा पलंगाच्या कडेला बसली होती. पाय सुजून बोटं दिसेनाशी झालेली. डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, ती म्हणाली. बाईंनी रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला. दुसऱ्या वेळी यंत्राचा पट्टा सोडताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं. हिला कुठल्याही क्षणी झटके येऊ शकत होते, आणि घरात आले असते तर दोन्ही जीव गेले असते.

बाईंनी काकींना सगळं सरळ, स्पष्ट सांगितलं. काकी चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत. "माझ्या सुनेक काय एक जावचा नाय. माझी चार बाळंतपणा घराकच झाली." मुलगा पहिल्या पाळीला गेलेला, तो दुपारी येईल तेव्हा बघू. बाईंनी विनवण्या केल्या, मग दम भरला. उपयोग झाला नाही. सुनंदा खाली मान घालून बसली होती. बाई तिच्याजवळ वाकल्या, तिच्या पापणीचा रंग बघायच्या निमित्तानं, आणि अगदी हळू विचारलं, "तुला यायचंय का?" सुनंदानं हळूच मान हलवली. हो.

बाई उठून उभ्या राहिल्या. दोन पावलं टाकली. मग त्यांनी कपाळाला हात लावला, "सावंत, अंधारी येतेय गं," म्हणाल्या आणि काकींच्या घराच्या मधोमध मटकन खाली बसल्या.

मी खरोखरच घाबरले. काकीही घाबरल्या. कांदा आणला, पाणी शिंपडलं. बाई डोळे मिटून कण्हत होत्या. सुनंदाचा हात त्यांनी आपल्या कपाळावर ओढून घेतला. "पोरीचा हात गार आहे, बरं वाटतंय. काकी, हिला माझ्याबरोबर टॅक्सीनं माझ्या घरापर्यंत पाठवता का? ही सावंत नवखी आहे, पाडेल मला." तेव्हा मला तिथं पाचवं वर्ष होतं, आणि माझी भीती तिथंच गेली. काकी पेचात पडल्या. दारात आलेल्या पाहुणीला चक्कर आली आणि घरच्यांनी हात दिला नाही, हे कणकवलीच्या बाईला कसं चालावं? पण पोटुशी सून एकटी कशी पाठवायची? "मीव येतंय," म्हणून त्यांनी बाईंची पिशवी उचलली.

आम्ही चौघी उतरलो. बघणाऱ्याला वाटावं, सून डॉक्टरीणबाईंना धरून नेतेय. खरं तर बाईंनीच तिला कमरेत घट्ट धरलं होतं आणि पायरी-पायरीला जवळजवळ उचलत होत्या. खाली टॅक्सी मिळाली. बाई मध्ये, सुनंदाचं डोकं त्यांच्या खांद्यावर, पलीकडे काकी. मी पुढे बसून ड्रायव्हरच्या कानात हॉस्पिटलचं नाव सांगितलं. टॅक्सी फाटकातून आत शिरली तेव्हा काकींनी बाहेर पाहिलं.

"तुमचा घर हॉस्पिटलात आसा काय?" त्यांनी विचारलं. उत्तर द्यायला बाई थांबल्याच नाहीत. दार उघडून त्या स्ट्रेचर, स्ट्रेचर करत धावत सुटल्या होत्या. चक्करबिक्कर काही नाही. काकींना तेव्हा उमगलं.

सुनंदाला पहिला झटका वॉर्डच्या दाराशी आला. दाराशी आला, म्हणून तिथं हात होते, सुई होती, डॉक्टर होते. तिला आत नेलं. बाहेरच्या बाकावर काकींनी बाईंना जे सुनावलं ते मी इथं लिहीत नाही. मालवणी माणसाला त्याची कल्पना येईल. सगळं बोलून झाल्यावर त्या थांबल्या आणि वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "माझी थोरली लेक अशीच हॉस्पिटलात गेली. ती परत इली नाय."

आम्हाला हे माहीत नव्हतं. त्यांच्या घरी एवढ्या वेळा गेलो, टोप उघडून पाहिले, पण हे कुणी विचारलं नव्हतं. बाई बाकावर काकींशेजारी बसल्या. मला म्हणाल्या, "सावंत, पोरगी टॅक्सीतच दगावली असती तर मी हिला काय सांगितलं असतं?" मग त्या दोघी दुपारभर त्या बाकावर बसून राहिल्या. चार वाजता नर्सनं येऊन सांगितलं, मुलगी झाली, फार लहान आहे, पण रडली. आई शुद्धीवर येतेय.

तरीही संध्याकाळी काकींच्या दिरानं वरच्या ऑफिसला तक्रार लिहिली, डॉक्टरनं फसवून पेशंट नेला, आणि काकींनी रागाच्या भरात सही केली. महिन्याभरानं चौकशी आली. आमच्याच पत्र्याच्या खोलीत, भजनाच्या पेटीशेजारी खुर्ची टाकून देशमाने साहेब बसले. बाईंनी आदल्या दिवशीच आपला जबाब लिहून दिला होता. "मी चक्कर आल्याचं सोंग केलं, कुटुंबाला फसवलं, जी शिक्षा होईल ती मान्य आहे." मी तो फाडा म्हणून हात जोडले होते. त्या म्हणाल्या, "आयांशी खोटं बोलते ते वेगळं. हे कागदावरचं आहे."

काकी आल्या. छातीशी दुपट्यात गुंडाळलेली नात. साहेबांनी विचारलं, तुमची तक्रार आहे की डॉक्टरांना चक्कर आली नव्हती?

"चक्कर खरीच इल्ली," काकी म्हणाल्या. "मीयाच धरलंय तेंका. तोंडावर पाणी मारलंय."

साहेबांनी बाईंचा जबाब वर केला. "अहो, पण डॉक्टर स्वतः लिहून देतायत की सोंग होतं."

काकींनी बाईंकडे एक नजर टाकली. "तेंका काय ठाव? चक्कर इलेल्या माणसाक काय कळता?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तक्रार करणारी म्हणतेय तक्रार खोटी आणि जिच्यावर तक्रार ती म्हणतेय खरी, असं प्रकरण त्यांच्या नोकरीत आलं नसावं. बराच वेळ विचार करून त्यांनी शेरा लिहिला की डॉक्टरांनी प्रकृतीची काळजी घ्यावी, आणि दोन्ही कागद टाचून ठेवून दिले. बाई काहीतरी बोलायला उठल्या, तेव्हा काकींनी नात त्यांच्या हातांत ठेवली आणि म्हणाल्या, वजन करा. बाईंनी तिला झोळीत ठेवलं. काटा पाहिला, वजन चांगलं वाढलं होतं. त्यांना बोलता येईना, म्हणून मी मोठ्यानं सांगितलं, उंदीर आहे.

नव्वद साल उजाडायच्या आत बाई निवृत्त झाल्या आणि मनोरीला एका कोळ्याच्या घरामागची खोली घेऊन राहिल्या. मी मार्व्याहून बोटीनं एकदा गेले. त्यांनी मला बोंबील तळून घातले आणि वस्तीतल्या एकेका घराचं विचारलं. निरोप द्यायला धक्क्यापर्यंत आल्या. चालताना आता त्यांना खराच दम लागत होता, आणि विचारपूस करायला वाटेत फारसं कुणी नव्हतं, म्हणून त्या नुसत्याच थांबत होत्या. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

बोटीत मी कडेला उभी राहिले. बाई धक्क्यावर उभ्या होत्या. तेवढ्यात मासळीची टोपली आणि कडेवर तान्हं पोर घेतलेली एक तरुण कोळीण उतरणाऱ्या गर्दीतून आली आणि बाई तिच्याकडे वळल्या. बोट सुटली. मी हात हलवत राहिले. बाईंनी एकदा वळून पाहिलं, मान हलवली, पण हात काही वर केला नाही. दोन्ही हातांत ते पोर होतं, आणि त्याची आई टोपली खाली ठेवून त्यांचं ऐकत होती.